दाणाभर अलीकडे

त्याने आवाजाचं गोल बटण शून्यावर आणलं, ॲम्प्लिफायर बंद केला आणि वाकून मागची विजेची साधी केबल काढली. वाकताना कमरेत कळ आली. सकाळपासूनची ही सातवी वेळ. जाड केबल खोचून त्याने ॲम्प्लिफायर पुन्हा चालू केला, बटण मघाच्या जागी आणलं, आणि व्हायोलिनचा तोच तुकडा परत वाजू लागला.

"तुम्हीच ऐका," तो म्हणाला.

खुर्चीतल्या बाईंनी डोळे मिटले. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि दुकानातसुद्धा वही-पेन्सिल काढूनच बसल्या होत्या. घरी यजमान अंथरुणाला खिळलेले, दिवसभर संगीत ऐकणं हाच त्यांचा विरंगुळा. सहा महिने यजमानांची एकच तक्रार होती, आवाज विझल्यासारखा येतो, आपल्याकडची वीजच खराब. कुठल्याशा मासिकातलं बाईंनी वाचून दाखवल्यावर यजमानांनी ही केबल आणि वीज गाळणारी पेटी आणायला सांगितली होती. पेटीबद्दल त्याने आधीच स्पष्ट केलं होतं, विजेच्या झटक्यापासून ती यंत्र वाचवते, त्यापलीकडे तिच्याकडून काही अपेक्षा नको. केबलची गोष्ट वेगळी. केबलचा फरक तो स्वतःच्या कानांनी अकरा वर्षं ऐकत आला होता.

"फरक आहे," बाई डोळे उघडून म्हणाल्या. "भरल्यासारखा वाटतो आवाज."

त्याने नुसती मान हलवली. दुकानात त्याला सगळे कानवाले म्हणत. आमच्या कानवाल्यांना भिंतीपलीकडे मुंगी चालली तरी कळतं, असं मालक गिऱ्हाइकांना सांगत. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडत, घरी गेल्यावर मुलीशी चार शब्द बोलायचं त्राण उरत नसे. पण स्वतः ऐकल्याशिवाय त्याने एकही वस्तू विकली नव्हती आणि गिऱ्हाइकाला खोटं कधी सांगितलं नव्हतं. पाठ टेकली की झोप लागायची ती याच एका गोष्टीमुळे.

केबल बदलताना आवाज शून्यावर का आणता, असं बाईंनी विचारलं. तसं नाही केलं तर स्पीकर धप्पकन दणकतो, एखादे वेळी कायमचा बसतोही, असं त्याने सांगितलं.

"आणि परत नेताना तीच जागा कशी सापडते? बटणावर आकडे तर नाहीत."

"हात बसलाय, बाई."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बटणाच्या कडेवर त्यांनी पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आणि तिला जुळवून शेजारच्या पत्र्यावर दुसरी.

"करा बघू पुन्हा. रेघेकडे बघायचं नाही. नेहमीसारखंच करायचं."

त्याने साधी केबल लावली, समोरच्या भिंतीकडे बघत बटण फिरवलं आणि मग खाली पाहिलं. बटणावरची रेघ पत्र्यावरच्या रेघेच्या अलीकडे थांबली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. त्याने जाड केबल लावली. रेघ रेघेला मिळाली. तिसऱ्यांदा, पुन्हा साधी लावून, त्याने श्वास रोखून बटण फिरवलं. दाणाभर अलीकडे.

चुकलेलं गणित मुलापुढे ठेवून, त्याचं त्यालाच दिसेपर्यंत थांबावं, तशा बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "आता साधीच राहू द्या. फक्त रेघा जुळवा."

त्याने रेघा जुळवल्या. साध्या केबलवर व्हायोलिन तसंच भरून वाजू लागलं. गिऱ्हाईक समोर असताना तो कधी बसत नसे. आता तो स्टुलावर बसला.

"अकरा वर्षं," तो म्हणाला.

"मुद्दाम नाही केलंत तुम्ही. उत्तर आधीच ठाऊक असलं की माझ्या वर्गातल्या पोरांनाही काटा बरोबर तिथेच दिसायचा. चांगल्या पोरांनासुद्धा."

त्याने तळव्यांनी चेहरा पुसला. मालक बाहेर काउंटरवर कुणाशी तरी हसत बोलत होते.

"ही घेऊ नका, बाई. घरी आहे त्याच केबलवर आवाज थोडा वाढवा."

"हे वाढवू देत नाहीत." बाईंनी वही मिटली. "बटणाजवळ गेल्याची चाहूल लागली तरी चिडतात. कान शाबूत आहेत माझे, म्हणतात. डोळे गेले, पाय गेले, ते त्यांनी निमूट मान्य केलं. आता हे एवढंच उरलंय." त्यांनी जाड केबलवर हात ठेवला. "ही द्या बांधून. हातात घेऊन बघतील, बरं वाटेल. आणि ते हाताचं मला शिकवा."

"कशाचं?"

"बटण दाणाभर पुढे जातं आणि समोरच्याला कळत नाही, ते."

जाणूनबुजून त्याने ते आजवर कधी केलंच नव्हतं. मग तो उठला, आवाज शून्यावर नेला आणि बाईंना यंत्रापुढे उभं केलं.

"बटणाकडे तोंड करायचं नाही," तो म्हणाला. "तोंड माणसाकडे, तुमचा आवाज त्यांच्याकडे जाऊ दे. बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"काहीही. चहा टाकू का, विचारा."

बाईंनी चहाचं विचारलं. व्हायोलिन एकदम किंचाळलं.

"जास्त झालं."

दुसऱ्यांदा बटण जागचं हललंच नाही, तिसऱ्यांदा त्या बोलायच्याच राहिल्या. "पुन्हा करू या," तो म्हणाला. चौथ्यांदा रेघ रेघेच्या दाणाभर पुढे जाऊन अलगद थांबली.

"आणि काय केलंस म्हणून विचारलं, तर?"

"म्हणायचं, तुम्हीच ऐका."

बाईंनी ते वाक्य धड्यासारखं दोनदा पुटपुटून पाहिलं.

केबल घेऊन त्या गेल्या तेव्हा मालकांनी दारातून डोकावून दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणून सांगितलं. तो फडक्याने ॲम्प्लिफायर पुसत होता. वरून पुसला, कडेने पुसला, बटणाभोवती हळूहळू पुसला. रेघांपाशी फडकं थांबलं. ते घडी करून त्याने खिशात ठेवलं.

"पाठवा," तो म्हणाला.