भरल्या घागरीची पावलं

“बाई, डोईवर घागर असताना मोजलेल्या पावलाचा भरवसा धरू नगा,” असं राहीबाईनं बजावलं होतं. दमयंती तेव्हा नुसती हसली होती. राहीबाई तिच्याकडं पाणी भरायची. पुण्याच्या कॉलेजात बी. ए. झालेल्या बाईला गणित शिकवायला ती कोण लागून गेली?

आता पंधरा दिवसांनी दमयंती शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसली होती आणि गावाचा नकाशा तिच्या डोळ्यांदेखत फिसकटत होता. ओढ्यावरच्या विहिरीपासून निघालेली खालची आळी कागद संपला तरी संपेना. मारुतीचं देऊळ बाजारतळात येऊन उभं राहिलेलं. चावडीपासूनची वाट आणि शाळेपासूनची वाट जिथं भेटायला हव्या, तिथं वीतभर कोरं अंतर पडलं होतं.

“बाई, आमचं घर कागदाच्या भाईर गेलं की!” लंका म्हणाली. “आता आमी ऱ्हायाचं कुठं?”

सातवीच्या नऊच्या नऊ मुली खिदळल्या. दमयंतीला हसू आलं नाही. ती उठून कोपऱ्यातल्या झोळीपाशी गेली, आत निजलेल्या लीनाच्या नाकाशी बोट धरलं आणि श्वास बोटाला लागल्यावर परत आली. तिची ही लेक आठ महिन्यांची होती आणि बाई दिवसातून वीसदा हे करायच्या. मुलींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

नकाशासाठी दोनच दिवस उरले होते. दुसरं महायुद्ध संपलं तरी धड कागद मिळत नव्हता, म्हणून तिच्या नवऱ्यानं, रविकांतनं, आपल्या टपाल कचेरीतले एका बाजूनं छापलेले जुने फॉर्म आणून दिले होते. मुलींनी ते गव्हाच्या खळीनं चिकटवून सतरंजीएवढा कागद केला होता. परवा शाळेच्या प्रदर्शनाला शेवगावहून विष्णुपंत येणार होते. गावाला सरकारी खर्चानं एक नवी विहीर मिळायची होती आणि तिची जागा ठरवणाऱ्या समितीत ते होते. चावडीमागं की खालच्या आळीत, एवढाच प्रश्न होता. चावडीवाल्यांचं तोंड मोठं होतं. खालच्या आळीकडं हा नकाशा होता.

“तुम्ही पावलं मोजलीत तरी कधी?” दमयंतीनं विचारलं.

“पानी आनताना. येरवी आमाला भाईर कोन सोडतंय?”

“म्हणजे घागर घेऊन?”

“भरून घेऊन,” लंका म्हणाली. “जाताना पळावं लागतं बाई, न्हाईतर नंबर जातो. मोजायला सवड येतानाच की.”

दमयंतीनं दाराकडं पाहिलं. राहीबाई शाळेचा रांजण भरून नुकतीच टेकली होती. तिनं आपली चुंबळ बाईंच्या हातात दिली आणि भरलेली घागर पुढं सरकवली.

सगळ्या मुलींच्या देखत दमयंतीनं जन्मात पहिल्यांदा डोक्यावर घागर घेतली. दारापासून फाटकापर्यंत मोकळ्या अंगानं वीस पावलं होती. घागर घेऊन एकतीस झाली. पाणी मानेवरून पाठीत उतरलं आणि अंबाड्यातली फुलं पायाशी पडली.

“मानेनं धरा बाई, मानेनं! डोळं कशाला ताठ करताय?” राहीबाई म्हणाली, तशी आख्खी सातवी हसून लोळली. या खेपेला दमयंतीही हसली. मग ओल्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, “आता सगळ्या जणी रिकाम्या हातानं जाऊन पुन्हा मोजून या. आईला सांगा, बाईंनी पाठवलंय. आणि भरल्या घागरीचा आकडा खोडू नका. तोही लागणार आहे.”

रिकाम्या पावलांनी नकाशा जुळला. चावडीची वाट शाळेच्या वाटेला भेटली आणि लंकाचं घर कागदावर परत आलं. मुलींना फूटपट्टीचं प्रमाण कळत नव्हतं, पण ठिपक्यांची रांगोळी त्यांच्या बोटांत होती. दोन ठिपक्यांमध्ये दहा पावलं, एवढं सांगितल्यावर त्यांनी दोन तासांत गाव उतरवून काढलं. निळीच्या पाण्यानं वाटा टिंबांत काढल्या आणि हळदीनं देवळं रंगवली.

प्रश्न राहिला भरल्या घागरीचा. तो आकडा दाखवायचा कसा? तो लंकानं सोडवला. गेरूच्या पाण्यात तिनं मुठीची कड बुडवली, कागदावर दाबली आणि वर बोटाच्या टोकानं पाच टिंबं दिली. गौरी घरात आणताना उंबऱ्यापासून काढतात तसं इवलं लाल पाऊल उमटलं.

“दर दहा पावलांना एक,” दमयंती भराभर बोलू लागली. “विहिरीकडं जाणारीही काढू या, म्हणजे दोन्ही बाजू—”

“छ्या! भाईर जानारी पावलं काढत न्हाईत बाई.” लंकाचा हात वरच्या वर थांबला. “लक्ष्मी घरात येती. जाती कुठं?”

बाकीच्या मुलींनीही माना हलवल्या. दमयंतीनं क्षणभर नकाशाकडं पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं की पोरी बरोबर आहेत. जाण्याच्या वाटेला निळी टिंबं आधीच होती. लाल पावलं फक्त घराकडं येणारी असली की झालं. वाट तेवढीच, आणि तिच्यावर पावलांची ही दाटी. काही लिहायला नको की वाचायला नको.

अडचण एकाच घराची होती. आळीच्या शेवटी, कडुलिंबाच्या झाडाच्याही पलीकडं, शेताला लागून छबूचं घर. रिकामी पावलं चारशे वीस. भरल्या घागरीची आठशे चाळीस. वाटेत अलीकडं राहणाऱ्या लंकाची चारशे आणि पाचशे चाळीस.

“छबू, चुकलीस तू.”

छबू तेरा वर्षांची, मान खाली घालून बोलणारी मुलगी. तिनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. “न्हाई बाई.”

“पुन्हा मोजून ये.”

दुसऱ्या दिवशी तिनं आठशे अडतीस सांगितली. दमयंतीनं तिला परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला आठशे एक्केचाळीस. कडेवरच्या धाकट्या भावाला सावरत ती उभी होती. त्यात नवल काही नव्हतं. धाकटी भावंडं घेऊन येणाऱ्या तीन-चार मुली शाळेत होत्याच, आणि छबूचा भाऊ तर लीनापेक्षाही लहान, दसऱ्याच्या सुमाराचा. दमयंतीनं नाइलाजानं आठशे चाळीस मान्य केली. छबूनं आपल्या वाटेवर चौऱ्याऐंशी पावलं दाबली. ती मावेनात. एकावर एक चढत गेली आणि लिंबापासून पुढं नुसता लाल पट्टा झाला.

“एवढं एक सोडलं तर झकास झालंय,” दमयंती रात्री रविकांतला म्हणाली, आणि लीनाच्या नाकाशी बोट धरून आली.

प्रदर्शनाच्या दिवशी खालच्या आळीतल्या बायका डोईवरचा पदर सारखा करत मागच्या भिंतीला टेकून बसल्या. चावडीवाले पुढं, खुर्च्यांवर. विष्णुपंत काळ्या टोपीतले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे गृहस्थ होते. विणकाम, मातीची फळं, सुविचारांची अक्षरं हे सगळं ते “वा, छान” म्हणत ओलांडत आले. नकाशासमोर मात्र थांबले.

“हे काय, गौरीची पावलं?”

“भरल्या घागरीची, साहेब,” लंकानं पाठ केलेलं खडाखडा सांगितलं. “निळं टिंब म्हंजे पान्याला जाताना. लाल पाऊल म्हंजे पानी घिऊन येताना. एक पाऊल म्हंजे धा पावलं.”

पुढच्या खुर्चीवरून कुणी तरी हसलं. “पोरींनी पावलं मोजायची आणि सरकारनं विहीर खणायची! साहेब, आमच्या कागदात खालची आळी पाण्यापासून दीड फर्लांगावर हाय. चालत गेलं तर पान खाऊन व्हत न्हाई.”

“तुमी कवा आनलंय पानी?” मागच्या भिंतीकडून आवाज आला. कुणाचा ते कळलं नाही. सगळ्या बायका पदरात तोंड घालून बसल्या होत्या. राहीबाई तर आढ्याकडं बघत होती.

विष्णुपंत वाकले. बोट कागदाला न लावता ते विहिरीपासून निघाले, लंकाचं घर ओलांडलं, लिंबापाशी आले. “इथं गेरू सांडला वाटतं. एवढं चांगलं काम, जरा जपायचं होतं.”

दमयंतीचे कान तापले. ती काही बोलणार एवढ्यात छबू पुढं आली.

“सांडला न्हाई, साहेब. ती पावलंच हायेत.”

“एवढी?”

“चौऱ्यांशी. म्या तीनदा मोजली.”

“शेजारच्या घरची चौपन्न आहेत, पोरी.”

“त्यांच्याकडं नुसती घागर आस्ती,” छबू म्हणाली. तिनं मान वर केली होती. “माझ्याकडं ह्यो बी आस्तो.”

‘ह्यो’ तिच्या कडेवर बसून साहेबांच्या चष्म्याकडं टक लावून बघत होता. त्यानं हात पुढं केला आणि चष्मा ओढला. विष्णुपंतांनी तो त्याच्या मुठीतून हळूच सोडवला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा त्या लाल पट्ट्यावर वाकले. या वेळी ते बोटानं एकेक पाऊल वेगळं करून मोजत होते. चौऱ्याऐंशीवर ते थांबले.

“गेरू शिल्लक आहे का?”

लंकानं वाटी पुढं केली. सरकारी माणसानं अंगठा गेरूत बुडवला आणि लिंबाच्या झाडाशेजारी, खालच्या आळीच्या टोकाला, टेकवला.

“कागद मी शेवगावला घेऊन जातो. समितीत वाद घालायला मला दुसरं काही लागणार नाही,” ते म्हणाले. “विहीर इथं.”

आधी कुणालाच कळलं नाही. मग लंका किंचाळली, “बाई, साहेबांचा अंगठा रंगला!” आणि नऊच्या नऊ मुली उड्या मारू लागल्या. मागच्या भिंतीवरच्या बायका उठल्या. त्या पदर सावरायचं विसरल्या होत्या. पुढच्या खुर्च्या एकमेकींकडं सरकून कुजबुजायला लागल्या, पण त्यांचं आता ऐकतंय कोण? राहीबाईनं गूळ-खोबऱ्याचं ताट आणलं, पहिला खडा विष्णुपंतांच्या हातावर ठेवला आणि दुसरा बाईंच्या तोंडात कोंबला.

“घ्या. घागर उचलल्याली हाय तुमी.”

दमयंतीचे डोळे भरून आले. तोंडात गूळ, खांद्यावर लीना, समोर तो सतरंजीएवढा कागद. तिनं आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रं पाहिली होती. असला ठसा एकावरही नव्हता. प्रत्येक मुलगी आपापल्या आईला हाताला धरून नकाशापाशी ओढत होती. “आये, ह्ये बग आपलं घर. ह्ये बग तू.”

छबू एकटीच उभी होती. गुळाचा खडा चोखून मऊ करून ती भावाच्या ओठांना लावत होती.

दमयंतीची नजर भिंतीकडं गेली, दाराकडं गेली, परत छबूवर आली. तिनं तीनदा आकडा विचारला होता. पाण्याला जाताना हे पोर घरी कुणाजवळ का ठेवता येत नाही, हे एकदाही विचारलं नव्हतं.

“छबू, आई नाही आली?”

“न्हाई.”

“कुठं आहे?”

“घरी. निजलीय.”

“आत्ता? या वेळी?”

छबूनं बोटांची पेरं मोजली. पावलं मोजायची तशीच, चुकू नये म्हणून ओठ हलवत.

“संक्रांतीपासनं,” ती म्हणाली. “बाप उसाच्या गाड्यांवर बेलापूरला गेल्ता, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं. कुनाला सांगू नको म्हनली. विहिरीचं झालं, आता उठंल ती. व्हय ना बाई?”

शिमगा चार दिवसांवर आला होता.

दमयंतीनं लीनाला राहीबाईच्या हातात दिलं. नाकाशी बोट धरलं नाही. पायांत वहाणा घातल्या की नाही, हेही तिला नंतर आठवेना. शाळेपासून लिंबापर्यंतची वाट नकाशावर तिला पाठ होती, पण पावलं मोजायला घेतली आणि साठाच्या पुढं आकडा हातून सुटला. आळी रिकामी होती. सगळ्या बायका शाळेत गूळ खात होत्या. मागून छबू येत होती, मोकळ्या अंगानं, कारण तिच्या भावाला लंकानं घेतलं होतं. आणि ती बाईंच्या पावलाला पाऊल जुळवत होती.

लिंब मागं पडला. दार नुसतं लोटलेलं होतं.

“कडूबाई!” दमयंतीनं छबूच्या आईला हाक मारली. “कडूबाई, मी शाळेतली बाई. विहीर मिळाली!”

आतून काहीच आलं नाही. मग घोंगडी सरकल्यासारखं वाजलं आणि बारीक, पण स्पष्ट ओ आली. दमयंती उंबरा ओलांडून आत गेली.

वाचणाऱ्यानंही आता हा कागद बाजूला ठेवून जरा उठावं. आपल्या आळीत पाण्यावर, दळणाला, हळदीकुंकवाला रोज दिसणारी कुणी लेकुरवाळी असेल आणि बऱ्याच दिवसांत दिसली नसेल, तर तिच्या दारात जाऊन एक हाक मारावी. ओ आली तरी आत जाऊन बघून यावं.