सूप मागवण्यापुरती जर्मन

जर्मन शिकवणाऱ्या बाईंचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. मेकॅनिकलची पोरं त्यांच्या तासाला खुशाल मोबाइल बघत बसायची. "पास होण्यापुरता विषय आहे," असं खुद्द प्राचार्यांनीच त्यांना सांगून ठेवलेलं.

शेवटी बाई अख्ख्या वर्गाला तरातरा वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या. नव्या यंत्राच्या झाकणावर लाल अक्षरांत जर्मन सूचना होती.

"वाचा!" बाई कडाडल्या. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"यंत्र बंद केल्यावरही चाक दोन मिनिटं फिरतं, हात घालू नका, असं लिहिलंय. दोन वर्षं शिकताय, लाज नाही वाटत?"

एरवी गप्प असणारी एक मुलगी उसळली. "दोन वर्षं तुम्ही आम्हाला हॉटेलात सूप मागवायला शिकवलंत, बाई! धोका, चाक, झाकण, यातला एक तरी शब्द शिकवलात?" तिनं टाके घातलेलं बोट पुढे केलं. "हे याच चाकानं कापलंय."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना स्वतःचाच संताप आला. हातातलं पाठ्यपुस्तक त्यांनी कोपऱ्यात भिरकावलं आणि खडू घेऊन वर्कशॉपमधल्या फळ्यावर जर्मनमध्ये पहिला शब्द लिहिला : धोका.

आरडाओरडा ऐकून प्राचार्य आले. "बाई, तास वर्गात घ्यायचा असतो."

"आजपासून इथंच होणार," बाई मागे न बघता म्हणाल्या.