रबरप्पाच्या गळ्यातली करडगी

मला हात नाहीत, पाय नाहीत, कंबरेखाली काहीच नाही. तरी बोलतोय मीच! डोकं, मान आणि छाती, एवढाच माझा संसार. माणसाचं हृदय अचानक थांबलं तर दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याची छाती कशी दाबायची, हे ज्याच्यावर शिकतात तो रबराचा पुतळा मी. माझ्या छातीत एक स्प्रिंग आहे. नीट दाबलं की 'टक' वाजतं. कामचुकारपणा केला की मी गप्प. खोटं कौतुक करायची आपल्याला सवय नाही.

लांबच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून खोक्यात बसून बिदर जिल्ह्यात आलो आणि एका सरकारी दवाखान्याच्या कोठीत जुन्या सतरंज्यांखाली पडून राहिलो. उंदरांनी खोकं कुरतडलं, कोळ्यांनी नाकात घर केलं. नुसता वैताग! शेवटी श्रीदेवी सिस्टर तिथं बदलून आल्या. त्यांनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि म्हणाल्या, "एवढा धडधाकट गडी, आन् झोपून राहायलास व्हय?"

मग काय, स्कूटीच्या मागं ओढणीनं बांधून त्या मला गावोगाव न्यायला लागल्या. जनवाड्याच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं मला बघून हात जोडले. बिचाऱ्याला वाटलं, कुणीतरी गेलं.

माझं बारसं झालं ते ठाणाकुशनूरच्या अलीकडच्या एका गावात. समाजमंदिरात बायका जमल्या होत्या, पण पुरुषाच्या छातीवर हात ठेवायचा म्हणून सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेव्हा गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई, सुगंधाबाई, पुढं आली. मेंढरांमागं हिंडणाऱ्यांच्या घरातली, दणकट हाताची बाई.

"ह्याला ना हात ना पाय. जगून तरी काय करणार हाय ह्यो?" असं म्हणत तिनं गुडघे टेकले आणि असं दाबलं की माझं टक टक थांबेना.

"रबरप्पा जगला गं!" किराणा दुकानदार बसवंतप्पांची बायको सिद्धव्वा ओरडली. तेव्हापासून मी रबरप्पा.

सिस्टरनी मला सुगंधाबाईच्या हवाली केलं. दुपारी बसवंतप्पांच्या दुकानापुढच्या कट्ट्यावर सराव चालायचा. सुगंधाबाई मराठीत मोजायची, सिद्धव्वा कन्नडात. 'तीन' आणि 'मूरु' एकदमच माझ्या छातीवर पडायचे. भाकरी, धुणं, रानातली कामं उरकून, घाम पुसत या बायका यायच्या. कुणी सक्ती केली नव्हती. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

बसवंतप्पा मात्र गल्ल्यावरून चिडवायचे. "अगं, रबरप्पाची एवढी सेवा करायलीस, जरा माझी बी कर की!"

"तुमच्यावर वेळ येऊ नये म्हणूनच करायले," सिद्धव्वा म्हणायची.

वेळ आलीच. एका दुपारी सराव चालू असतानाच, कट्ट्यावरचं तुरीचं पोतं सरकवता सरकवता बसवंतप्पा छाती धरून मटकन खाली बसले आणि माझ्या शेजारीच आडवे झाले. सुगंधाबाईनं खांदे हलवले. "अप्पा! ओ अप्पा!" उत्तर नाही. श्वासही नाही.

"राजशेखर, एकशेआठला फोन लाव!" तिनं त्यांच्या लेकाला सांगितलं, अप्पांच्या सदऱ्याची बटणं ओढून काढली आणि तिचे हात हवेतच थांबले.

छातीच्या मधोमध, जिथं तळहात ठेवायचा बरोबर तिथंच, चांदीची करडगी होती. बसवण्णांना मानणाऱ्या या घरांत प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं, ते ठेवायची ती डबी. ती अंगावेगळी करायची नाही, आणि दुसऱ्याच्या लिंगाला परक्यानं हात लावायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझी छाती उघडी. माझ्यावर शिकताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती, सिस्टरच्याही नाही.

"अक्का, लिंग हाय गं... कसं करू?" सुगंधाबाई सिद्धव्वाकडं वळली.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हात लावू नका! मठातल्या गुरुपादय्या स्वामींना बोलवा, ते काढतील."

अरे देवा! स्वामी अंघोळ करून येईस्तोवर माणूस हातचा जाईल ना! मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्या तोंडाला नुसतं भोक आहे, आवाज नाही.

सिद्धव्वा खांबाला टेकून गोठली होती. ती एकदम पुढं आली. करडगी मुठीत धरली, दोऱ्यासकट नवऱ्याच्या खांद्यावर सरकवली आणि तिथंच त्याच्या अंगाला घट्ट दाबून धरली.

"अंगावरच हाय लिंग. म्या धरलंय. तू दाब!"

सुगंधाबाई दाबायला लागली. सिद्धव्वाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तोंडातलं 'ओंदु, एरडु, मूरु' चुकत नव्हतं. एकीचे हात भरून आले की सरावातली दुसरी बाई दाबायला बसायची. अप्पांच्या छातीतून टक वाजत नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात वाजवत होतो. गाडी येईपर्यंत एकीनंही हात थांबवला नाही. गाडीत चढतानाही सिद्धव्वाची मूठ खांद्यावरच होती.

बसवंतप्पा वाचले. बिदरहून परत आले तेव्हा निम्मे झाले होते, पण बोलणं तेच. सिस्टर भेटायला आल्या तेव्हा त्यांनी घरातली एक जुनी, रिकामी करडगी काढली आणि दोरा ओवून माझ्या गळ्यात बांधली.

"सिस्टर, आता ह्याच्यावर शिकवा. आधी सरकवायचं, मग दाबायचं. आन् स्वामींना सवडीनं बोलवायचं!"

सिद्धव्वा रडता रडता हसली.

आता मी कुठल्याही गावात गेलो की शिकणाऱ्यांचे हात आधी ती करडगी खांद्यावर घेतात. गळ्यात ताईत असो, मंगळसूत्र असो, तुळशीची माळ असो, काही तोडायचं नाही, फक्त बाजूला घ्यायचं. तुमच्याही गावात येईन तेव्हा लाजू नका बरं. अगदी जोर लावून दाबा. मला दुखत नाही, आणि दुखलं तरी चालेल.

पण मी आता थकलोय. गाल फाटलाय, दहादा दाबलं तर एकदा टक वाजतं. परवा दवाखान्यात नवा पुतळा आला, हातापायांचा. सिस्टर मला घेऊन बसवंतप्पांच्या कट्ट्यावर आल्या, नव्याचं खोकं उघडलं आणि माझ्या गळ्यातली करडगी त्याला घालायची म्हणून गाठ सोडायला लागल्या. बसवंतप्पा गल्ल्यावरून उठून आले आणि त्यांनी सिस्टरचा हात धरला.

"नव्याला नवी देतो, सिस्टर. ह्याची राहू द्या. आमच्यात जीव हाय तोवर गळ्यातलं काढत न्हाईत."