दिंकाचा गडगा

"पोरांच्या दगडाला आईबापानं हात लावायचा न्हाई," असं मास्तरीण विन्कानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हा सगळ्यांत जोरात मान हलवली ती आमच्या फ्रानेनं. माझा नवरा तो. त्याच्यासारखा गडगा सबंध बेटावर कुणाला रचता येत नाही. चुना नको, माती नको, नुसता दगडावर दगड.

सरकारनं गावची शाळा बंद केली, ती आम्ही पाच घरांनी मिळून पुन्हा उघडली. एकेका घराचा एकेक वार. कुणी चीज करायला शिकवायचं, कुणी जाळं विणायला. आमचा बुधवार. शाळेच्या भाजीच्या वाफ्याभोवती पोरांनी गडगा घालायचा, प्रत्येकाच्या वाटणीला दोन हात लांबीचा तुकडा. फ्रानेनं बाजूला उभं राहून सांगायचं, बस्स.

आमची दिंका नऊ वर्षांची. आधी वर्षभर समुद्रापलीकडं स्प्लिट शहरात माझ्या बहिणीकडं राहून शिकत होती. तिथं पोरीचं बोलणंच बंद झालं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि डॉक्टरलाही कळलं नाही. इथं दगड हातात आले आणि महिन्याभरानं जेवता जेवता एकदम म्हणाली, "आये, लांब दगड आडवा न्हाई घालायचा. त्याचं शेपूट आत जायाला पायजे." मी ताटावरनं उठले, चुलीपाशी जाऊन रडले.

पण तिचा गडगा म्हणजे नुसतं ध्यान होतं. पोट सुटलेला, वर एका अंगाला कललेला.

सोमवारी जिल्ह्याची साहेबीण शाळा बघायला येणार होती. ती नाही म्हणाली की शाळेला कुलूप आणि दिंका परत स्प्लिटला. रविवारी चर्चमधून आल्यावर फ्रानेनं भरलं ताट बाजूला सारलं.

"ते पोट बघून बाई काय म्हनंल?"

"काय म्हनायचंय? नऊ वरसाच्या पोरीचं हाय."

"माझ्या पोरीचं हाय! ऊठ, चिपा दे मला."

"आन् मान कशाला हलवलीस तवा?"

"आता येतीस का न्हाई?"

गेले मी. खोटं कशाला बोलू? दिंका माझ्या सासूकडं जेवायला गेली होती. डोंगरावरनं कोरडा वारा सुटलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यानं तिचा तो दोन हात गडगा उतरवला आणि तासाभरात पुन्हा चढवला. मी फटीत ठोकायच्या बारक्या दगडी चिपा पुरवत होते. काम सुरेख झालं. मला बरंच वाटलं.

सोमवारी साहेबिणीनं विचारलं, "तुमचा तुमचा कुठला, दाखवा बघू." पोरं आपापल्या दगडांवर हात ठेवून उभी राहिली. दिंका तिच्या जागेशी गेली, हात पुढं केला आणि मागं घेतला.

"माझा न्हाई हितं."

"आगं, ह्योच की तुझा," विन्का म्हणाली.

"माझ्याला पोट व्हतं. ह्यो बाचा हाय."

साहेबिणीनं आमच्याकडं बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं. पण मंजुरी आली, चांगली तीन वर्षांची. जिथलं पोर साहेबाच्या तोंडावर खरं बोलतं ती शाळा चांगलीच असणार, असं ती विन्काला म्हणाली म्हणे. लोकांनी वाइन काढली, फ्रानेच्या पाठीवर थापा मारल्या. तो प्याला, मीही प्याले. चव काही लागली नाही.

दिंका घरी पुन्हा गप्प झाली होती.

त्यानंतरच्या बुधवारी फ्रानेनं सगळ्यांदेखत तेवढाच दोन हात गडगा पाडला. तिच्यासमोर उकिडवा बसला.

"चुकलं माझं. तुला पायजे तसा लाव. वाकडा लाव, पोट काढ, म्या बगनार बी न्हाई."

ती दगडांकडं बघत राहिली. चिडली नव्हती. चिडली असती तर मी सुटले असते.

"तूच लाव, बा. तुला चांगला येतुया."

एवढं बोलून ती शाळेच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून.

आठवडाभर ते खिंडार तसंच राहिलं. फ्राने कुणाला हात लावू देईना. मग तिथनं शेळ्या आत शिरल्या, निम्मा कोबी फस्त करून गेल्या. विन्का बोलायला लागली, बाकीची घरंही बोलायला लागली.

शेवटी त्यानंच लावला.