पाणी आधी माळाला

बायडाबाईनं रिकामा हंडा मनकर्णाबाईच्या दारात आपटला तेव्हा मी तिथंच होतो. गावानं नंतर तिखटमीठ लावलं, पण झालं ते एवढंच.

"मोटर बंद कर गं तुजी!" बायडाबाई ओरडली. "आमच्या नळातनं नुसती हवा येतीया. हवा प्यावी का आमी?"

मनकर्णाबाई म्हशीला पाणी दाखवत होती. ती वळलीसुद्धा नाही. "मेसेज आला, बटन दाबलं. कंपनीच्या पोरीनंच सांगितलं हुतं, मेसेज आला की पानी भरा. तुला न्हाई का आला?"

"आला की! मेसेज आला, पानी न्हाई आलं. मेसेज भरू का हंड्यात?"

"मग माळावर घर बांधायला कुनी सांगितलं हुतं?"

"तुज्या सासऱ्यानं! खालची जागा त्यानंच दाबली न्हवं का?"

गोष्ट सासऱ्यावर गेल्यावर मी हंडा उचलला. बायडाबाई माझी शेजारीण. तिचं तोंड सुरू झालं की ते अडवून अडत नाही, दुसरीकडं वळवावं लागतं. "वैनी, चुलीवर कालवण ठिवून आलाय न्हवं?" मी म्हणालो. तेव्हा कुठं ती निघाली. वाटभर हंड्यालाच शिव्या देत होती.

आमचं चिंचटाकळी श्रीरामपूरकडचं. पाण्याची टाकी गावाच्या अलीकडं. तिथून पाइप आधी गावात जातो, मग चढ चढून आमच्या माळावर येतो. माळावर आमची ख्रिस्ती वस्ती आणि बायडाबाईसारखी थोडी धनगरांची घरं. चढाला लागेस्तोवर पाणी दमतं. गावाचं पिऊन, म्हशी धुऊन, अंगणात शिंपडून जे उरेल ते आमचं. नाहीतर खालच्या विहिरीवर जायचं आणि मुरमाड वाटेनं हंडे चढवायचे. उन्हाळ्यात तो मुरूम चपलेतून भाजतो.

पूर्वी पाणी कधी सुटेल याचा नेम नसायचा. सहादेव म्हणजे आमचा पाणी सोडणारा. लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचा, मनात येईल तेव्हा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि चहाला जायचा. माझी बायको स्टेला नळाखाली स्टीलची वाटी ठेवायची. वाटीत थेंब वाजला की रिकामा हंडा अंगणात आणून त्याच्यावर उलथनं हाणायची. सगळा माळ पळत सुटायचा. रविवारी चर्चची घंटा आणि बाकी दिवस स्टेलाचा हंडा, असं आमच्याकडं होतं.

गेल्या वर्षी ग्रामसभेला पाणी खात्याचे साहेब आले, पुण्याच्या एका कंपनीची माणसंही आली. साहेबांनी सांगितलं की खातं, कंपनी आणि गाव अशा तिघांनी मिळून एक नवं यंत्र एक हंगाम वापरून बघायचं. जमलं तर ठेवायचं, शेजारच्या गावांनाही द्यायचं. नाही जमलं तर कंपनी काढून नेईल. याला ते नवोपक्रमाची भागीदारी म्हणाले.

"म्हंजी फुकाट हाय का?" सरपंच बिभीषणरावांनी विचारलं.

तेव्हा बायकांतून स्टेला उठली. "फुकाट न्हाई, सरपंच. सावड हाय ही. आज तू माज्या रानात खुरपायला ये, उद्या मी तुज्या. ते यंत्र आनतील, आपुन त्याच्या चुका दावायच्या. दोगंबी वाकल्याबिगर खुरपनं हुत न्हाई."

साहेब हसले. म्हणाले, "ताई, मला एवढं सोपं सांगता आलं नसतं." गावानं हात वर केले. स्टेला घरी येताना मला म्हणाली, "बघा, माळावर पानी येनार."

यंत्र यायच्या आधीच ती गेली. पावसाळ्यात ताप भरला, दवाखान्यात नेलं, आणि परत आणलं ते पुरायलाच. याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

दिवाळी झाल्यावर यंत्र आलं. प्रत्येक आळीच्या व्हॉल्व्हवर एक निळा डबा बसला. तो आपोआप उघडतो, मिटतो, पाइपात दाब किती आहे ते सांगतो, आणि पाणी सुटलं की घरोघरी मोबाईलवर मेसेज पाठवतो. कंपनीची इंजिनियर निकिता. राहायची नगरला सावेडीत, आठवड्यातून एकदा गाडीनं यायची. तिनं घराघरांतून नंबर घेतले. आमच्या घरचा नंबर स्टेलाचाच होता, नळही तिच्याच नावावर. तो फोन मी रोज चार्ज करत होतो. का, ते विचारू नका.

पहिला मेसेज आला त्या दिवशी गावात सण होता. "आता नळापाशी बसायला नको!" असं जो तो म्हणत होता. सहादेव मात्र तोंड पाडून डब्याशेजारी बसला. त्या डब्याला कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं, चावीला कुणी विचारत नव्हतं.

पण माळावर पाणी आलंच नाही. दुसऱ्या खेपेला नाही, तिसऱ्या खेपेलाही नाही. आधी निदान उरलंसुरलं यायचं, आता ते पण गेलं. पूर्वी कुणाला कळायचं, कुणाला कळायचं नाही, कुणी रानात असायचं. आता मेसेज वाजला की गावातली प्रत्येक मोटर एकाच वेळी नळाला लागायची. सगळे एकदम ओढायला लागल्यावर चढावर काय येणार?

त्या भांडणानंतरच्या ग्रामसभेत बिभीषणरावांनी निकितासमोर विषय काढला. "बाई, तुमचा हंगाम सपला. माळाचे लोक खाली येऊन भांडत्यात. डबं काढून न्या."

"न्या, न्या!" बायडाबाई म्हणाली. "नुसता टिंग वाजतोय मेला."

निकिताचं तोंड उतरलं. तिनं मोबाईलवर दाबाची रेघ दाखवली. मेसेज गेला की रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली. "चूक आमची आहे," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, सगळ्यांना एकाच वेळी कळवलं म्हणजे न्याय झाला. मोटरी लागतील हे आमच्या डोक्यातच आलं नाही. काढून न्यायचं म्हणत असाल तर नेईन."

ती सोबत आणलेली वायर गुंडाळायला लागली. मला एकदम दिसलं की डबा गेला म्हणजे विहिरीची वाट पुन्हा आली, आणि स्टेलाचं मागणंही त्या डब्याबरोबर गेलं. मी आजवर सभेत कधी बोललो नव्हतो. घरात बोलणारं माणूस दुसरं होतं. पण उठलो.

"सरपंच," मी म्हणालो, "अर्ध्या रानातनं कुनी सावड सोडून जातं का?"

सभा माझ्याकडं बघायला लागली.

"तिनं डबं आनलं, आपुन चूक दावायची हुती. ते न करता भांडत बसलो. ती वाकली, आता आपुन वाकू. तन निघंस्तोवर कुनी खुरपं टाकायचं न्हाई."

बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले. ते मनकर्णाबाईनं बघितलं आणि बहुतेक म्हणूनच ती चिडली.

"मग कसं पायजे तुमाला?" ती कडाडली. "पाटाच्या पान्यावानी टेल टू हेड पायजे का? आधी माळाला अन् मग आमाला? आमी काय तुमचं उष्टं प्यावं?"

निकितानं वायर खाली ठेवली. "टेल टू हेड म्हणजे?"

मग सगळी सभा एकदम बोलायला लागली. आमच्याकडं कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी आधी शेवटच्या शेताला द्यायचं, मग मागं मागं येत तोंडाशी. तोंडापाशी आधी दिलं तर टेलला थेंब जात नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यावरून फावडी उगारलेली सगळ्यांनी बघितलीत.

"मग नळाला असं का नाही केलं कधी?" निकितानं विचारलं.

"एका चावीनं?" सहादेव पहिल्यांदाच बोलला. "हर आळीचा व्हॉल्व मिटायचा, माळावर पळायचं, पुन्ना खाली येऊन उघडायचा. अन् मिटला की मनकर्णाकाकू दगड घेऊन उभ्या."

"डबे मिटतील," निकिता म्हणाली. "आधी फक्त माळाचा उघडायचा, मेसेजही फक्त माळाला. माळ भरला की त्याच्या खालची आळी, मग तिच्या खालची. शेवटी टाकीजवळची. सहादेवदादा, डबा अडकला तर चावी लागणारच. तुम्ही नसाल तर हे जमणार नाही."

सहादेवानं चावी पुन्हा खांद्यावर घेतली.

"अगं ए बाई, मी आपलं टोचून बोलले!" मनकर्णाबाई घाबरून म्हणाली. "खरंच करती का काय?"

सभेत असा हशा उठला की चावडीवरचे पारवे उडाले. बिभीषणरावही हसत होते. "मनकर्णाकाकूंनी सुचवलं, तसं मांडून घ्या," ते म्हणाले. बिचारीला नाही म्हणता येईना. तिनं एकच अट घातली. "माज्या पाळीला म्हशी तान्हेल्या ऱ्हाता कामा न्हाईत." ती अट सगळ्यांनी मान्य केली.

जाताना निकिता माझ्याजवळ आली. "काका, तुमच्या घरचा मेसेज अजून काकूंच्या नावानं जातो. बदलू का?"

"नको," मी म्हणालो. "यंत्र तिनंच मागितलं हुतं. तिलाच कळवा."

दोन दिवसांनी सकाळी मी भाकरी थापत होतो. म्हणजे थापायचा प्रयत्न करत होतो. स्टेलाचा फोन वाजला. मेसेज होता: स्टेला कृपादान ओहोळ, माळवस्तीला पाणी सुटले आहे.

पिठाच्या हातानं मी उलथनं घेतलं, रिकामा हंडा अंगणात ओढला आणि हाणायला लागलो. माळावर सगळ्या म्हाताऱ्यांकडं कुठं मोबाईल आहेत?

"आरं तालात वाजव!" बायडाबाई घागर घेऊन पळत आली. "बायकू कशी वाजवायची! तू भांडं फोडशील!"

नळ खाकरला, गढूळ थुंकला, आणि मग अशी धार आली की हंडा हातात थरथरला. चढ चढून आलेलं पाणी, पण दमलेलं नव्हतं. घरं भरली, रांजण भरले, बायडाबाईनं शेळ्यांचं टोपलंसुद्धा धुऊन घेतलं.

खालून मनकर्णाबाईची हाक आली. टाकीजवळच्या आपल्या दारात उभी राहून, तोंडाला हात लावून ती ओरडत होती, "झालं का गं बायडे? म्हशी खोळंबल्यात!"

"थांब की जरा!" बायडाबाई वरून ओरडली. तिच्या आवाजात इतकं सुख होतं की काय सांगू. "मधल्या आळ्या ऱ्हायल्यात अजून! पाळी हाय!"

कोपऱ्यातली म्हातारी लिडियाआत्या अजून आली नव्हती. तिला कळावं म्हणून मी सवयीनं पुन्हा हंड्यावर उलथनं मारलं. आवाज निघाला नाही. काठोकाठ भरला होता, थोडं पाणी तेवढं पायावर सांडलं.

मग मीच तिची घागर आणून भरली आणि तिच्या दारात नेऊन ठेवली.