बंब पाठवा

"बंब! अहो, बंब पाठवा ना लवकर!"

स्पीकरवरचा बाईचा आवाज फायर ब्रिगेडच्या कंट्रोल रूमभर घुमला आणि फहदची बोटं कीबोर्डवर थबकली. फहद तीस वर्षांचा, या आखाती शहरातलाच अरब. इंग्रजी उत्तम, हिंदी सिनेमापुरतं. "बॉम्ब?" त्याने जपून विचारलं. "मॅडम, बॉम्ब? व्हेअर?"

"हो, हो, बंब! घरी! लवकर!"

ध चा मा व्हायला आणखी काय लागतं! आग म्हटली की फायर स्टेशनातून गाड्या लगेच सुटतात. पण बॉम्ब म्हटलं की कायदा वेगळा. गाड्यांनी लांब थांबायचं, आधी पोलिसांचं पथक येणार, ते हो म्हणेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही. फहदचा हात पोलिसांच्या फोनकडे गेला.

मुझम्मिल चहाचा ट्रे घेऊन त्याच्या मागेच उभा होता. मुझम्मिल रत्नागिरीकडचा, वय सत्तावन्न, हुद्दा ऑफिस बॉय. दाढीत औषधाला काळा केस उरला नाही, तरी बॉय! सव्वीस वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा तीन गाड्या होत्या आणि भिंतीवर एक घंटा. आता भिंतभर पडदे आले होते, सगळं शहर त्यांवर ठिपक्यांनी दिसायचं. बदलला नव्हता तो एक नियम. कॉल चालू असताना चहावाल्याने ब्र काढायचा नाही. तो त्याने इमानाने पाळला होता. कान बंद ठेवायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आगीत काय करावं नि काय करू नये हे त्याला आता झोपेतही सांगता आलं असतं.

"सर," तो म्हणाला, "बॉम्ब नहीं, बंब. हमारे मराठी में फायर की गाडी को बंब बोलते हैं. उनके घर में आग लगी है."

फहद वळला. या माणसाचं ऐकायचं आणि खरंच बॉम्ब निघाला, तर गाडीवरची माणसं जीवानिशी जाणार. नाही ऐकायचं, तर ती बाई. त्याने माइकवाला हेडफोन काढून मुझम्मिलच्या हातात दिला.

"यल्ला, चलो. टॉक."

मुझम्मिलने ट्रे जमिनीवर ठेवला. "मावशी, मी रत्नागिरीचा. घाबरू नका. काय पेटलं?"

पलीकडून आधी हुंदकाच आला. "बाळा, मराठी बोलतोस रे! चकल्यांचं तेल पेटलंय. वरच्या कपाटानेही पेट घेतलाय. थांब, मी पाणी ओतते—"

"पाणी नको! तेलावर पाणी अजिबात ओतू नका. घरात आणखी कोण आहे?"

"नात आहे, चार वर्षांची. आतल्या खोलीत निजलीय. बाहेरचं दार धुरात दिसेना झालंय रे!"

बाईंचं नाव मंजुषाबाई, गाव सातारा. मुलाकडे येऊन तीनच आठवडे झालेले, मुलगा आणि सून कामावर गेलेले. पत्ता विचारला तर म्हणाल्या, खजुराच्या झाडाजवळ. डिस्कव्हरी गार्डन्स या त्यांच्या वसाहतीत हा पत्ता निम्म्या घरांचा झाला असता. फोन कुठल्या इमारतीतून येतोय ते पडद्यावर दिसत होतं, फहदने तिकडे गाडी सोडलीही, पण घर कळत नव्हतं.

"नातीजवळ जा. वाकून जा, धूर वर असतो. दार लावून घ्या, फटीत चादर कोंबा. मग दोघी बाल्कनीत, आणि पदर हलवत राहा. गाडीवाल्यांना दिसलं पाहिजे."

"अरे, गाऊनवर आहे मी!"

"मग अभ्रा हलवा, मावशी! काहीही हलवा!"

तो मराठीत ऐकत होता, फहदला हिंदीत सांगत होता आणि फहद गाडीला अरबीत. मग मावशींचा आवाज बंद झाला. नुसती घरघर. मुझम्मिल "मावशी, मावशी" करत राहिला, त्याच्या पाचावर धारण बसली. चार मिनिटांनी वायरलेसवर कुणीतरी अरबीत बोललं आणि फहदने टेबलावर हात आपटला.

"बोथ सेफ!"

मुझम्मिल सगळ्यांदेखत रडला.

पुढच्या आठवड्यात मंजुषाबाई आल्या. सोबत मुलगा निनाद आणि नात ईशानी. फहदने वरिष्ठांची परवानगी काढून त्यांना थेट कंट्रोल रूममध्ये आणलं. पांढरी दाढी पाहून बाई गडबडल्या. "अगबाई! आणि मी तुम्हाला बाळा म्हणाले!"

"आई गेल्यापासून कुणी म्हणालं नव्हतं, मावशी. बरं वाटलं."

"देवाचे आभार मानून झाले. तुमचे राहिले होते." त्यांनी हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत. ईशानीने मुझम्मिलकडे पाहून विचारलं, "आर यू द फायरमॅन?"

"नो, बेबी," तो हसून म्हणाला.

मंजुषाबाई टेबलांच्या रांगेकडे बघत होत्या. "यातली तुमची खुर्ची कुठली?"

"मला खुर्ची नाही, मावशी. मी इथे चहा देतो."

बाई काय म्हणाल्या, ते फहदने विचारलं. मुझम्मिलने प्रश्न हिंदीत सांगितला आणि आपलं उत्तरही सांगितलं, काही न गाळता.

फहद उठला. आपली खुर्ची त्याने मुझम्मिलकडे वळवली. "धिस वन," तो मंजुषाबाईंना म्हणाला.

मुझम्मिल नको नको म्हणत खुर्चीच्या कडेला टेकला. फहद चांगला उंच, त्याच्या मापाने खुर्ची वर केलेली, मुझम्मिलचे पाय अधांतरी राहिले. फहद गुडघ्यावर बसला, त्याने खुर्चीखालचा खटका शोधला आणि ते पाय जमिनीला लागेपर्यंत ती हळूहळू खाली घेतली.