फक्त ऐकण्यासाठी

वायरलेस बसवणारा आमीर आमच्या धडगावच्या ऑफिसात लॅपटॉप उघडून बसला, तेव्हा मी त्याला मुद्दाम आल्याचा चहा पाजला. वाया गेला तो चहा!

आमच्या संस्थेच्या रुग्णवाहिका सातपुड्यात फिरतात. वर पाड्यांत मोबाईलला रेंज नाही, म्हणून गाड्यांत आणि पाड्यापाड्यांतल्या आशा सेविकांकडे वायरलेस. त्यांच्याशी बोलायचं काम माझं. वरची माणसं पावरी बोलतात आणि माझ्या घरचीही बोली तीच. "जागृती, ऐकतेस का गं?" अशी हाक आली, की कोण आहे आणि किती घाबरलंय ते मला तिथंच कळायचं.

आता वायरलेसचा मुख्य संच डोंगरावर हलवला. तो लांबून चालवायला दोन डबे आले, एक माझ्या टेबलावर, दुसरा नंदुरबारच्या कंट्रोल रूममध्ये. कोणत्या डब्यानं काय करायचं ते कॉम्प्युटरवरून ठरवायचं. आमीर केबल लावून रकाने भरत होता. स्टेशनचं नाव, धडगाव. आवाज, मोठा. पुढच्या रकान्यात त्यानं निवडलं, 'फक्त ऐकण्यासाठी'.

"अरे, हे काय? मग बोलायचं कोणी, तुझ्या काकानं?"

"मन्हा हातमा काही नही शे, ताई," तो मान खाली घालून म्हणाला. "उमाकांत साहेबस्नी सांगेल शे."

उमाकांत साहेब म्हणजे कंट्रोल रूमचे प्रमुख. मी तडक फोन लावला.

"मॅडम, दोन ठिकाणांहून बोललं की गोंधळ होतो," ते म्हणाले. "शिवाय सगळं रेकॉर्ड होतं. वरिष्ठांनी ऐकलं तर समजायला नको? शुद्ध मराठी बोलणारा माणूस हवा. तुम्ही फक्त लक्ष ठेवा."

डोक्यात तिडीक गेली. लक्ष ठेवा म्हणे! मी काय शेतातलं बुजगावणं आहे? पण साहेबांनी नंदुरबारहूनच आपला पासवर्ड टाकून ते सगळं कुलूपबंद केलं. माझा डबा एकदा वाजला आणि झालं काम.

आमीर केबल गुंडाळत होता, तेवढ्यात डब्यातून तुळशीबाईचा आवाज आला. ती उंबरपाड्याची आशा सेविका. तिथल्याच फुलवंताबाईची सून अडली होती, बाळ आडवं होतं. आमच्याकडे उंबरपाडे दोन, एक घाटावर रस्त्याला लागून, दुसरा खाली नदीकाठी. "नदीकडचा, नदीकडचा," तुळशीबाई पावरीत ओरडत होती.

नंदुरबारहून अजित नावाचा नवा ऑपरेटर बोलला, "मराठीत सांगा, मराठीत." बिचारीनं घाबरून तेच पुन्हा पावरीत सांगितलं आणि संच टाकून बाळंतिणीकडे धावली. अजितला कळला एकच शब्द, उंबरपाडा. त्यानं गाडी घाटावर पाठवली. गाडीवर ड्रायव्हर चंदन होता, खाली सपाटीवरच्या सारंगखेड्याचा. त्याला पावरीचा एक शब्द येत नाही.

मी बटण दाबलं. डबा नुसता ट्याँ करून गप्प झाला.

कंट्रोल रूमचा फोन एंगेज. अजित मोबाईल उचलेना. साहेबांचा बंद.

"काढ ते कुलूप!" मी आमीरवर खेकसले.

"पासवर्ड साहेबसकडे शे, ताई."

मी पुन्हा बटण दाबलं. अगदी शुद्ध मराठीत ओरडले, "चंदन, कृपया गाडी मागे वळवा, नदीकाठी जा!" पुस्तकातलं वाक्य म्हणावं तसं स्वच्छ बोलले. डबा म्हणाला ट्याँ.

अजितनं एकदाचा फोन उचलला, तोवर चंदन घाटावरच्या पाड्यात दारोदार विचारत हिंडत होता. तो नदीकाठी पोचला तेव्हा बाळ गेलं होतं. सून तेवढी वाचली.

दुपारी साहेबांचा फोन आला. "नव्या यंत्रणेचा आवाज कसा येतोय?"

"स्वच्छ," मी म्हटलं. "शब्द न् शब्द ऐकू आला." आणि फोन आपटला. मेल्याला त्यातलं काही कळलंही नसेल.

मग सुनेला आणलं होतं त्या दवाखान्यात गेले. व्हरांड्यात फुलवंताबाई भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ बसले.

"तू ऑफिसात नव्हतीस का?" तिनं पावरीत विचारलं.

"होते."

"तुळशीचं ऐकू आलं नाही?"

"आलं. सगळं आलं."

मी डब्याचं सांगू लागले, रकान्याचं, पासवर्डचं. सांगता सांगता माझी मलाच लाज वाटली. तिनं माझा हात धरला. चिडली असती, तर बरं झालं असतं.

"मग बोलली का नाहीस गं?" ती हळूच म्हणाली. "आमच्यावर राग होता का तुझा?"